दुकानाचा नॉलेज ग्राफ: पहिल्या प्रश्नापासून पहिल्या क्वेरीपर्यंत

ग्राहक विचारतो, "माझ्याकडे अमुक मॉडेलचा प्रिंटर आहे, त्याला ही कार्ट्रिज चालेल का?" काउंटरवरचा मुरलेला सेल्समन मान वर न करता उत्तर देतो. तोच प्रश्न वेबसाइटच्या सर्चमध्ये टाकला की चाळीस कार्ट्रिज समोर येतात आणि त्यातली बरोबर कुठली हे शोधणं ग्राहकाच्याच माथी येतं. माहिती दुकानाकडे असते. उत्पादकाच्या पीडीएफमध्ये, प्रॉडक्टच्या वर्णनातल्या तिसऱ्या ओळीत, पुरवठादाराच्या एक्सेलमधल्या 'रिमार्क्स' कॉलममध्ये, आणि सगळ्यात जास्त त्या सेल्समनच्या डोक्यात. फक्त कॉम्प्युटरला विचारता येईल अशा रूपात ती कुठेच नसते.

हे रूप देण्याचा एक मार्ग म्हणजे नॉलेज ग्राफ. हा लेख ज्यांनी हा शब्द नुकताच ऐकलाय त्यांच्यासाठी आहे. डेटाबेसमधलं टेबल म्हणजे काय एवढं माहीत असलं तरी पुरे.

नॉलेज ग्राफमध्ये सगळी माहिती छोट्या छोट्या वाक्यांत लिहिलेली असते. प्रत्येक वाक्याचे तीन भाग: एक वस्तू, एक नातं, दुसरी वस्तू. यालाच ट्रिपल म्हणतात.

कार्ट्रिज के-४० → बसते → प्रिंटर पी-२००
कार्ट्रिज के-४० → रंग → काळा
प्रिंटर पी-२०० → उत्पादक → ब्रँड क

अशी हजारो वाक्यं एकमेकांत गुंतली की जाळं तयार होतं. वस्तू म्हणजे त्या जाळ्यातल्या गाठी (नोड), आणि नाती म्हणजे गाठींमधले धागे (एज). ऑन्टोलॉजी हे या वाक्यांचं व्याकरण. 'कार्ट्रिज प्रिंटरमध्ये बसते' हे वाक्य चालेल, 'ब्रँड प्रिंटरमध्ये बसतो' हे चालणार नाही, हे ऑन्टोलॉजी सांगते. कुठल्या प्रकारच्या वस्तू आपल्या जगात आहेत, त्यांच्यात कोणकोणती नाती असू शकतात, आणि कुठल्या नात्याचा नेमका अर्थ काय, एवढं त्यात येतं. 'नॉलेज ग्राफ' हे नाव घरोघरी पोचलं ते गूगलने मे २०१२ मध्ये आपला ग्राफ जाहीर केल्यावर. त्यामागची मानकं मात्र त्याआधीपासून होती. माहिती ट्रिपलच्या रूपात लिहिण्याचं आरडीएफ हे मानक, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेकडून, पहिल्यांदा १९९९ मध्ये आलं.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमच्याकडे दोन-तीनशे वस्तू असतील, त्या एकमेकींशी फारशा जोडलेल्या नसतील आणि ग्राहक 'निळा, मध्यम मापाचा' एवढंच शोधत असतील, तर साधं टेबल आणि नीट भरलेले कॉलम पुरतात. वस्तूंमधलं नातं हाच जिथे धंद्याचा मुद्दा असतो, म्हणजे कशाला काय बसतं, कशाऐवजी काय चालतं, कशाबरोबर काय लागतं, तिथे ग्राफ कामाला येतो.

आधी प्रश्न लिहा

बहुतेक जण सॉफ्टवेअर उतरवून घेतात, 'प्रॉडक्ट' नावाचा क्लास (म्हणजे वस्तूंचा एक प्रकार) बनवतात, त्याखाली झाड वाढवत जातात आणि दोन महिन्यांनी त्या झाडाचं करायचं काय हे कुणालाच सांगता येत नाही. मीही पहिल्यांदा हेच केलं. तीनशे क्लासांची देखणी ऑन्टोलॉजी तयार झाली होती. तिला एकही प्रश्न विचारता येत नव्हता.

म्हणून पहिली पायरी कागदावरची. ग्राफने उत्तर द्यायलाच हवं असे दहा-पंधरा प्रश्न लिहून काढा. या क्षेत्रात त्यांना कॉम्पिटन्सी क्वेश्चन म्हणतात. प्रश्न पुरेसे टोकदार हवेत:

या प्रिंटरला बसणाऱ्या आणि आज स्टॉकमध्ये असलेल्या कार्ट्रिज कोणत्या?
हा चार्जर संपला असेल तर ग्राहकाला दुसरा कोणता सुचवता येईल, आणि का?
या पुरवठादाराचा माल थांबला तर आपली कोणती मॉडेल अडकतील?
हा लॅपटॉप घेणाऱ्याला बाहेरचा मॉनिटर जोडायला कोणती केबल लागेल?

'ग्राहकांना चांगल्या शिफारशी द्यायच्या' हा प्रश्न नव्हे, ती इच्छा झाली. तिचं उत्तर बरोबर आलं की चूक, हे कुणी तपासायचं? प्रत्येक प्रश्नापुढे दोन नावं लिहा: हा प्रश्न आज कोण विचारतं, आणि उत्तर बरोबर आहे हे कोण सांगू शकेल. दुसरं नाव सापडत नसेल तर तो प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. हे प्रश्न काउंटर, कॉल सेंटर आणि खरेदी विभागातून गोळा करावेत, मीटिंग रूममधून नाही. परत आलेल्या मालाच्या नोंदींमध्ये तर प्रश्नांची खाणच असते. 'बसली नाही म्हणून परत' असं जिथे लिहिलंय तिथे तुमच्या ग्राफचा पहिला धागा आहे.

आणि एकच विभाग निवडा. सगळं दुकान एकदम उचलायला गेलात तर काम कंबरेत भरेल.

'प्रॉडक्ट' या शब्दाची चार तोंडं

या पायरीवर मी मुद्दाम रेंगाळणार आहे, कारण नवख्यांचे निम्मे घोटाळे इथे होतात आणि ते लक्षात येतात ते सहा महिन्यांनी.

समजा एका मॉडेलचा बूट आहे. डिझायनर त्याला प्रॉडक्ट म्हणतो. गोदामातला माणूस 'काळा, ८ नंबर' या खोक्याला प्रॉडक्ट म्हणतो, कारण त्याच्यासाठी ९ नंबर ही वेगळी वस्तू आहे, तिची जागाही वेगळी. सर्व्हिस सेंटरला ग्राहकाच्या पायातला तो एक विशिष्ट जोड दिसतो. आणि मार्केटिंगवाल्याच्या तोंडी 'हा प्रॉडक्ट या आठवड्यात स्वस्त आहे' असं येतं, तेव्हा तो विक्रीच्या प्रस्तावाबद्दल बोलत असतो. शब्द एकच, वस्तू चार. ग्राफमध्ये त्या चार वेगळ्या गाठी असायला हव्यात:

मॉडेल, म्हणजे कागदावरची कल्पना. डिझाइन, साहित्य, कशाला काय बसतं, हे सहसा इथे चिकटतं.
व्हेरियंट, म्हणजे रंग-माप ठरलेलं रूप, ज्याला दुकानात एसकेयू म्हणतात. बारकोड या पातळीवर येतो.
नग, म्हणजे हातात धरता येणारी एक वस्तू. सीरियल नंबर आणि वॉरंटीची सुरुवात याची.
ऑफर, म्हणजे कोण, काय, कितीला, कुठे, कधीपर्यंत विकतंय.

किंमत प्रॉडक्टला चिकटवणं ही सर्रास दिसणारी चूक. किंमत वस्तूचा गुण नाही. तीच वस्तू दोन शाखांत, दोन आठवड्यांत, दोन विक्रेत्यांकडे वेगवेगळ्या किमतीला असते. ती ऑफरला लावली की 'मागच्या महिन्यात ही कितीला होती' या प्रश्नालाही उत्तर मिळतं, कारण जुनी ऑफर तिच्या तारखांसह जागेवर राहते. प्रॉडक्टला लावली तर नवी किंमत जुनीवर बसते आणि इतिहास पुसला जातो.

हा भेद माझ्या डोक्यातून आलेला नाही. २००८ मध्ये मार्टिन हेप यांनी गुडरिलेशन्स नावाची ई-कॉमर्सची ऑन्टोलॉजी मांडली, तिचा कणाच वस्तू आणि ऑफर यांतला फरक हा होता. २०१२ मध्ये ती स्कीमा डॉट ऑर्ग या वेबसाठीच्या समाईक शब्दसंग्रहात सामावली गेली. आज तिथे ऑफर हा वेगळा प्रकार दिसतो तो त्या वारशातून.

चारही पातळ्या पहिल्याच दिवशी भराव्यात असं मात्र नाही. सीरियल नंबरने विक्री होत नसेल तर नगाची पातळी सोडून द्या. फक्त मॉडेल आणि व्हेरियंट एकत्र कालवू नका. पुढे ते वेगळं करणं म्हणजे शिजलेल्या खिचडीतून डाळ निवडणं.

उसनं घेता येईल ते उसनं घ्या

'नाव', 'ब्रँड', 'वजन', 'रंग' यांची व्याख्या नव्याने करत बसण्यात अर्थ नाही. गूगल, बिंग आणि याहू यांनी जून २०११ मध्ये स्कीमा डॉट ऑर्ग सुरू केलं. त्यात प्रॉडक्ट, एकाच मॉडेलचे व्हेरियंट बांधणारा प्रॉडक्ट ग्रुप, ऑफर, ब्रँड हे सगळं आहे. 'अमुक वस्तूची ॲक्सेसरी किंवा सुटा भाग' हे नातंसुद्धा तयार आहे. शिवाय हाच शब्दसंग्रह सर्च इंजिनांना कळतो, त्यामुळे वेबसाइटच्या पानांवरही तो वापरता येतो.

वस्तू ओळखण्यासाठी जीएस१ या संस्थेचे जीटीआयएन क्रमांक आहेत, म्हणजे बारकोडखाली छापलेला तो आकडा. तो ८, १२, १३ किंवा १४ अंकी असतो. वर्गीकरणासाठी जीएस१चीच जीपीसी नावाची पद्धत आहे: सेगमेंट, फॅमिली, क्लास आणि सगळ्यात खाली ब्रिक. ब्रिक म्हणजे वीट. एकसारख्या वस्तूंचा तो गठ्ठा. पुरवठादारांशी देवाणघेवाण करताना समाईक भाषा म्हणून ती उपयोगी पडते, पण ग्राहकाला दाखवायचा मेनू म्हणून ती रुक्ष आहे.

उसन्या शब्दसंग्रहातलं सगळं घ्यायचं नसतं. तुमच्या पंधरा प्रश्नांना जे लागेल तेवढंच उचला आणि जे तिथे नाही ते स्वतःच्या नावाखाली जोडा.

वेबसाइटचा मेनू म्हणजे ऑन्टोलॉजी नव्हे

प्रत्येक दुकानाकडे कॅटेगरींचं झाड आधीच असतं. ते तसंच्या तसं क्लास म्हणून ग्राफमध्ये ओतण्याचा मोह टाळा. त्या झाडात 'प्रिंटर' असतं, 'नवीन आलेले' असतं, 'ऑफिससाठी भेटवस्तू' असतं आणि 'निळ्या वस्तू'ही असतात. यातला फक्त पहिला वस्तूचा प्रकार. दुसरी स्थिती, तिसरा वापराचा प्रसंग, चौथा रंग. 'नवीन आलेले' हा क्लास केला तर तीन महिन्यांनी ती वस्तू आपला प्रकारच बदलते, जे हास्यास्पद आहे.

यावर जुना आणि पक्का उपाय ग्रंथालयशास्त्रात आहे. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी १९३३ मध्ये कोलन वर्गीकरण प्रसिद्ध केलं. प्रत्येक पुस्तकाला एकाच खणात कोंबण्याऐवजी त्याच्या विषयाचे वेगवेगळे पैलू सुटे करायचे आणि मग जोडायचे, ही त्यातली कल्पना. आज शॉपिंग साइटवर डावीकडे रंग, माप, साहित्य, ब्रँड असे जे फिल्टर दिसतात ते याच विचाराच्या कुळातले. तेव्हा रंग हा पैलू, साहित्य हा पैलू, वापर हा पैलू; आणि प्रकारांचं झाड त्यांच्याशिवाय. झाड लगेच उथळ आणि आटोपशीर होतं.

क्लास करायचा की नुसती व्हॅल्यू ठेवायची, हे ठरवायला मी एक कसोटी लावतो. त्या गटाला स्वतःचे वेगळे गुण किंवा वेगळे नियम आहेत का? लेझर प्रिंटरला टोनर लागतो आणि इंकजेटला शाई, दोघांची कोष्टकं वेगळी भरावी लागतात. तेव्हा ते दोन क्लास. काळा प्रिंटर आणि पांढरा प्रिंटर यांत रंगापलीकडे काही बदलत नाही; ती व्हॅल्यू.

मेनूचं झाड फेकून द्या असं मी म्हणत नाही. ते स्कॉस या २००९च्या डब्ल्यू३सी मानकात वेगळं साठवता येतं. त्यात 'हा विषय त्या विषयाहून व्यापक' एवढाच सैल संबंध असतो. क्लासांच्या झाडात मात्र संबंध कडक: खालचा प्रत्येक सदस्य वरच्याचा सदस्य असलाच पाहिजे. 'प्रिंटर' या मेनूखाली 'कार्ट्रिज' असणं ग्राहकाच्या सोयीचं, पण कार्ट्रिज हा प्रिंटरचा प्रकार नाही. दोन्ही झाडं एकात मिसळली की एक दिवस क्वेरी कार्ट्रिजलाही प्रिंटर म्हणून मोजते.

नाती: इथेच खरा माल आहे

नात्याचं नाव क्रियापद असावं आणि वाक्य मोठ्याने वाचता यावं. 'कार्ट्रिज–प्रिंटर' असं नाव ठेवलं तर दिशाच कळत नाही. 'बसते' म्हटलं की कशात काय ते स्पष्ट होतं.

मग येतो संख्येचा प्रश्न. ३०० प्रिंटर आणि ४०० कार्ट्रिज असतील तर शक्य जोड्या १,२०,०००. त्या हाताने कोण भरणार, आणि नवा प्रिंटर आला की पुन्हा कोण तपासणार? वस्तुस्थितीत प्रिंटर आणि कार्ट्रिज यांचं जमतं ते एका मधल्या गोष्टीमुळे: कार्ट्रिजची सिरीज. मग ती सिरीजच गाठ करा:

प्रिंटर पी-२०० → स्वीकारतो → सिरीज के
कार्ट्रिज के-४० → मोडते → सिरीज के

आता नवा प्रिंटर आला की एक वाक्य पुरतं. चार्जर-लॅपटॉपच्या बाबतीत ही मधली गाठ म्हणजे पोर्टचा प्रकार, व्होल्टेज आणि वॉट. ज्या नात्याचं कारण सांगता येतं तिथे नात्याऐवजी ते कारण साठवावं; जोडी आपोआप निघते. अपवाद राहतातच, म्हणजे सिरीज जुळूनही एखादा प्रिंटर विशिष्ट कार्ट्रिज नाकारतो. त्यासाठी 'बसत नाही' असं सरळ वाक्य ठेवा आणि क्वेरीत ते शेवटी वजा करा.

नात्यांचे स्वभावही तपासा. 'पर्याय आहे' हे उलटसुलट लागू होतं असं वाटतं, पण ६५ वॉटचा चार्जर ४५ वॉटच्या जागी बहुधा चालतो, उलट केलं तर लॅपटॉप रडतखडत चार्ज होतो. 'पर्याय' पुढे पुढे सरकतही नाही: अ ऐवजी ब, ब ऐवजी क, म्हणून अ ऐवजी क, असं केलंत तर चार उड्यांत ग्राहकाच्या हातात भलतीच वस्तू पडेल. याउलट 'चा भाग आहे' हे नातं बरेचदा सरकतं. प्रत्येक नात्यापुढे ही दोन उत्तरं लिहून ठेवणं हे दहा मिनिटांचं काम आहे.

साधनं, थोडक्यात

दोन घराणी आहेत. एक आरडीएफचं: साठवण ट्रिपल स्टोअरमध्ये, प्रश्न स्पार्कल या भाषेत, ऑन्टोलॉजी आउल या भाषेत. ऑन्टोलॉजी लिहायला स्टॅनफर्डचं प्रोटेजे, साठवायला अपाचे जेना फुसेकी, दोन्ही फुकट. दुसरं प्रॉपर्टी ग्राफचं, ज्यात निओफोरजे सर्वांत परिचित. त्याची क्वेरीची भाषा सायफर. आणि २०२४ मध्ये याच वळणाची जीक्यूएल ही आयएसओची प्रमाणभाषा आली. प्रॉपर्टी ग्राफमध्ये धाग्यालाच माहिती लावता येते (कधीपासून, कुणी सांगितलं), ती सोय नवख्यांना आवडते. आरडीएफमध्ये बाहेरचे शब्दसंग्रह सहज जोडले जातात आणि तपासणीची मानकं तयार मिळतात.

माझा कल आरडीएफकडे आहे, पण तुमच्या टीममधल्या कुणाला सायफर आधीच येत असेल तर तेच घ्या. पंधरा प्रश्न आणि चार पातळ्या पक्क्या असतील तर घराणं बदलणं जड जात नाही.

डेटा ओतण्याआधी

प्रत्येक गाठीला कायमचा ओळखक्रमांक लागतो. त्यात नाव, ब्रँड किंवा कॅटेगरी गुंफू नका. ब्रँड विकला जातो, कॅटेगरी बदलते, आणि ओळख मात्र जुनं खोटं बोलत राहते. निरर्थक क्रमांक उत्तम.

जीटीआयएन हा बाहेरचा पुरावा म्हणून साठवा, तोही मजकूर म्हणून, संख्या म्हणून कधीच नाही. एक्सेल शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकाचं शून्य खाऊन टाकतं आणि लांब क्रमांक घातांकाच्या रूपात दाखवतं. तशी फाइल सेव्ह झाली की मूळ आकडा गेलाच. क्रमांक शाबूत आहे का हे शेवटच्या अंकावरून कळतं. १३ अंकी क्रमांकात पहिल्या १२ अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणा, बेरीज करा, आणि पुढच्या दहाच्या पटीपर्यंत जेवढे कमी पडतात तो तेरावा अंक. उदाहरणार्थ २०००००० १२३४५: बेरीज २ + ३ + २ + ९ + ४ + १५ = ३५, म्हणून तपासअंक ५. (२ ने सुरू होणारे १३ अंकी क्रमांक दुकानाच्या अंतर्गत वापरासारख्या मर्यादित कामांसाठी राखलेले असतात, म्हणून उदाहरणाला हा घेतला. अशा क्रमांकावर दोन दुकानांच्या वस्तू जुळवू नका. तुमचा आणि त्यांचा तोच आकडा वेगळ्या मालाचा असू शकतो.) ही तपासणी आधी चालवा. किती क्रमांक नापास होतात ते पाहून बसायला खुर्ची जवळ ठेवा.

एककंही आताच एकसारखी करा. एका पुरवठादाराचे सेंटिमीटर, दुसऱ्याचे इंच, तिसऱ्याचं नुसतंच '१५.६'. आकडा आणि एकक दोन वेगळ्या जागी ठेवा.

यानंतरचं काम सगळ्यात चिवट: दोन याद्यांतली वस्तू एकच आहे का, हे ठरवणं. २०,००० वस्तूंची प्रत्येकीशी तुलना करायची तर जोड्या होतात १९,९९,९०,०००. म्हणून आधी गट पाडतात. १०० ब्रँड आणि प्रत्येकाच्या २०० वस्तू असतील, तर फक्त ब्रँडच्या आत तुलना केल्यावर १९,९०,००० जोड्या उरतात. पण त्यासाठी ब्रँडची नावं आधी साफ हवीत, म्हणून ब्रँडची यादी पहिली हातात घ्या.

नावांच्या सारखेपणावर विसंबू नका. 'के-४० काळी' आणि 'के-४० एक्सएल काळी' ही नावं जवळजवळ सारखी, वस्तू वेगळ्या. 'के-४० ब्लॅक इंक' आणि 'काळी शाई, के ४०' ही नावं लांबची, वस्तू एकच. म्हणून मॉडेल क्रमांक, माप, पॅकमधले नग असे कडक पुरावे वेगळे काढून जुळवा आणि मधल्या संशयास्पद जोड्या माणसापुढे ठेवा. आउलमध्ये 'दोन्ही एकच' असं जाहीर करणारं नातं आहे, ते हात राखून वापरा. एकदा दोन गाठी एक म्हटल्या की एकीचं सगळं दुसरीला लागू होतं: रंग, बारकोड, कशात बसते तेही. एका चुकीच्या जोडीने दोन मोठे घोळके एकजीव झालेले मी पाहिले आहेत, आणि सोडवायला लागलेले दिवसही मोजले आहेत. संशय असेल तिथे 'बहुधा तीच' असं स्वतःचं, सैल नातं ठेवा.

प्रत्येक वाक्य कुठून आलं हेही नोंदवा: उत्पादकाची फाइल, पुरवठादार, की आपला माणूस, आणि कुठल्या तारखेला. दोन स्रोत भांडले की निवाडा यावरूनच होतो.

व्याकरण तपासत नाही, निष्कर्ष काढतं

प्रोग्रामिंगमधून येणाऱ्यांना इथे हमखास ठेच लागते. ऑन्टोलॉजीत तुम्ही लिहिलंत, 'स्वीकारतो' या नात्याच्या डावीकडे प्रिंटर असतो. मग कुणीतरी चुकून लॅपटॉपपुढे 'स्वीकारतो सिरीज के' असं भरलं. तुमची अपेक्षा की चूक दाखवली जाईल. रीझनर, म्हणजे ऑन्टोलॉजीवरून नवी वाक्यं काढणारा प्रोग्राम, मात्र शांतपणे निष्कर्ष काढतो: अच्छा, म्हणजे हा लॅपटॉप प्रिंटरही आहे! डाव्या-उजव्या बाजूची ही विधानं निष्कर्षासाठी आहेत, कुंपण म्हणून नाहीत. 'लॅपटॉप आणि प्रिंटर यांच्यात सामाईक काही नाही' असं वेगळं सांगितलं असेल तरच विसंगती उघड होते.

दुसरं, आउलचं जग उघडं आहे. वजन भरलेलं नाही याचा अर्थ तिथे 'वजन नाही' असा होत नाही. 'अजून कळलेलं नाही' असा होतो. त्यामुळे 'प्रत्येक प्रिंटरला वजन असतंच' असं लिहूनही रिकामी जागा पकडली जात नाही. दुकानाला तर रिकामी जागा पकडायचीच असते.

त्यासाठी शॅकल हे २०१७चं मानक आहे. त्यात नियम लिहायचे: प्रत्येक व्हेरियंटला नेमकं एक मॉडेल, प्रत्येक ऑफरला किंमत आणि चलन, जीटीआयएन ठरलेल्या लांबीचा, वजन शून्याहून जास्त. डेटा त्यातून गाळून काढला की नापास ओळींचा अहवाल मिळतो. नवा डेटा ग्राफमध्ये शिरण्याआधी ही चाळणी लावावी. प्रॉपर्टी ग्राफ घेतला असेल तर तिथल्या कन्स्ट्रेंटने (डेटावर घातलेल्या बंधनांनी) यातलं काही साधतं, बाकी स्वतः लिहावं लागतं.

प्रश्न विचारा

आता पहिल्या कागदाकडे वळा. पहिला प्रश्न होता: या प्रिंटरला बसणाऱ्या आणि आज स्टॉकमध्ये असलेल्या कार्ट्रिज. क्वेरी ही वाट चालते: प्रिंटरपासून तो स्वीकारत असलेल्या सिरीजकडे, तिथून त्या सिरीजमध्ये मोडणाऱ्या कार्ट्रिजकडे, तिथून व्हेरियंटकडे, तिथून आज लागू असलेल्या ऑफरकडे आणि स्टॉककडे, शेवटी 'बसत नाही' असे अपवाद वजा. पाच उड्या. टेबलांमध्ये हेच करायला तितकेच जॉइन (दोन टेबलं एकमेकांना जोडणं) लागतात. ते जमत नाही असं नाही, पण नवं नातं आलं की दर वेळी टेबल फोडावं लागतं.

स्टॉकचा चालता आकडा ग्राफमध्ये कोंबू नका, असं माझं मत. तो मिनिटामिनिटाला हलतो आणि त्याची सिस्टिम आधीच आहे. ग्राफने कोणत्या वस्तू ते सांगावं, किती ते त्या सिस्टिमला विचारावं.

उत्तरं आली की तो मुरलेला सेल्समन बोलवा आणि त्याच्यासमोर वीस प्रिंटर चालवा. तो "ही कुठे बसते? हिची चिप वेगळी आहे," असं म्हणेल. ते वाक्य लगेच लिहून घ्या. कदाचित 'चिपची आवृत्ती' हा आणखी एक मधला धागा तुमच्याकडून राहिला असेल. एका फेरीत ऑन्टोलॉजी दोन-तीनदा बदलली तर घाबरू नका, त्यासाठीच ती फेरी असते.

सध्या भाषा-मॉडेलचा बोलबाला आहे आणि इथे त्याची दोन कामं आहेत. वर्णनातून गुण उपसून काढायला ते झकास: 'वजनाला हलका, १.२ किलो' यातून आकडा आणि एकक वेगळे काढून देईल. आणि ग्राहकाच्या बोलीतला प्रश्न क्वेरीत बदलायला. पण 'कशात काय बसतं' हे त्याने स्वतःच्या आठवणीतून सांगितलेलं उत्तर थेट ग्राफमध्ये घेऊ नका. ते आत्मविश्वासाने चुकतं, आणि ग्राफमध्ये शिरलेली चूक पुरावा म्हणून मिरवू लागते. त्याची वाक्यं वेगळ्या कप्प्यात, 'तपासायचंय' अशा शिक्क्याखाली ठेवा.

पुढे सांभाळायचं कसं

ग्राफला मालक लागतो. कमिटी नेमाल तर सगळे आठवड्यातून एकदा भेटतील आणि 'ॲक्सेसरी' या शब्दावर वाद घालतील. एका विभागाला एक माणूस नेमा, जो नवा क्लास किंवा नवं नातं मंजूर करतो आणि प्रत्येकाची एका ओळीत व्याख्या लिहितो. ही व्याख्या दुकानात काल रुजू झालेल्याला कळली पाहिजे. ऑन्टोलॉजीच्या फाइलला कोडसारखंच व्हर्जन द्या, आणि ते पंधरा प्रश्न चाचणी म्हणून प्रत्येक बदलानंतर आपोआप चालू द्या. कालपर्यंत येणारं उत्तर आज आलं नाही तर लगेच कळतं.

आणि काहीही डिलीट करू नका. विक्रीतून उतरलेलं प्रिंटरचं मॉडेल कॅटलॉगच्या दृष्टीने मेलेलं असतं, म्हणून साफसफाईच्या उत्साहात पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते. त्याला 'बंद' अशी स्थिती आणि तारीख द्या, त्याची जागा कुठल्या मॉडेलने घेतली ते जोडा, बाकी धागे तसेच राहू द्या. दुकानाने तो प्रिंटर विकणं थांबवलं असलं तरी ग्राहकाच्या टेबलावर तो अजून चालू असतो, आणि शाई संपली की त्याच मॉडेलचा नंबर कागदावर लिहून तो काउंटरवर येतो.